आडनावातला ‘सी’ आणि कोलंबोची वारी

छोट्या विमानाने गोव्याहून कोलंबोला गेलो, त्याची ही गोष्ट. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून तिरुवनंतपुरम सुमारे पावणेपाचशे नॉटिकल मैल, तिथून कोलंबोला खेटून असलेला रत्मलाना विमानतळ आणखी दोनशे. हवेत सगळे मिळून सव्वापाच तास. कागदांना लागले साडेतीन महिने. त्यातला सव्वा महिना माझ्या आडनावातल्या एका अक्षराने खाल्ला, तेव्हा गोष्ट तिथूनच सांगतो.

माझ्या आजोबांचं नाव पोर्तुगीज अमदानीत नोंदवलं गेलं. त्या काळचा कारकून ‘क’साठी ‘सी’ लिहायचा. वडिलांनी तोच ‘सी’ पुढे चालवला, माझ्या जन्मदाखल्यावर तो आला आणि तिथून पासपोर्टावर. शाळेत मात्र मास्तरांनी ‘के’ लिहिला. दहावीचं प्रमाणपत्र ‘के’चं, आणि प्रायव्हेट पायलटचं लायसन्स दहावीवरून निघालं म्हणून तेही ‘के’चं. बारा वर्षं कुणी हरकत घेतली नाही. बेळगावला जा, हुबळीला जा, लायसन्स आणि पासपोर्ट एकाच टेबलावर शेजारीशेजारी ठेवायची वेळच येत नाही. गोव्यात अशी माणसं घरटी एक सापडेल. बँकेत, जमिनीच्या कागदांत आपण हे सगळं अंगवळणी पाडून घेतलेलं असतं.

विमान माझं नाही, भाईंचं. भाई आमच्या शेजारचे डॉक्टर, चार आसनी डायमंड डीए-४० बाळगून आहेत. डिझेल इंजिन, म्हणजे मोठ्या विमानांचंच जेट ए-१ त्याला चालतं. हे सुख शब्दांत सांगता येत नाही. पिस्टन विमानांचं अ‍ॅव्हगॅस आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतं. इंडियन ऑइलने २०२२ साली वडोदऱ्याला ते बनवायला घेतलं, तोवर सगळंच आयात व्हायचं. भाईंची मुलगी कोलंबोला आहे. एक दिवस म्हणाले, “तू चालव, मी आणि तुझी वहिनी मागे बसतो. पैशांचं मात्र बोलू नकोस हां, तुझं लायसन्स जाईल.” बरोबर बोलले. प्रायव्हेट लायसन्सवर उडवण्याचा मोबदला घेता येत नाही.

मी आधी आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा १९४४ चा शिकागो करार काढून वाचला. कलम ५ वाचल्यावर वाटलं, काम सोपं आहे. नियमित वेळापत्रक नसलेल्या विमानाला पूर्वपरवानगीशिवाय दुसऱ्या देशात उतरता येतं, असंच तिथं लिहिलंय. प्रत्यक्षात बहुतेक देश परमिट मागतात आणि श्रीलंकाही मागते. खरं काम पडतं ते कलम २९ शी. विमानात कोणकोणते कागद हवेत त्याची यादी तिथं आहे: नोंदणीचा दाखला, एअरवर्दीनेस म्हणजे विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला, प्रत्येक क्रूचं लायसन्स, जर्नी लॉगबुक, रेडिओचं लायसन्स, प्रवाशांची नावं कुठून चढले नि कुठे उतरणार यासकट, आणि माल असेल तर त्याचं मॅनिफेस्ट. मूळ प्रती. “झेरॉक्स आहे की” हे वाक्य विसरायचं.

यादी घेऊन भाईंच्या दिवाणखान्यात फाइल उघडली आणि दोन गोष्टी निघाल्या. एअरवर्दीनेसचं रिव्ह्यू सर्टिफिकेट वर्षावर्षाला नवं करावं लागतं, ते आमच्या परतीच्या आठवड्यातच संपत होतं. ते इंजिनिअरने लवकर उरकलं. विम्याच्या पॉलिसीत मात्र बारीक अक्षरात भौगोलिक मर्यादा होती, फक्त भारत. विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, “श्रीलंका म्हणजे समुद्र येतो का मध्ये?” मी म्हटलं, येतो. पॉलिसीत श्रीलंका घालणारी एंडॉर्समेंट यायला अठरा दिवस लागले. माझा सल्ला मागाल तर विमान धुण्याआधी पॉलिसी वाचा.

मग जनरल डिक्लरेशन. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा हा एक पानी फॉर्म, त्यावर क्रूची नावं. पासपोर्टाप्रमाणे लिहू की लायसन्सप्रमाणे? तिरुवनंतपुरमच्या हँडलिंग एजंटाला, म्हणजे विमानतळावरची कामं करून देणाऱ्याला, विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, “दोन्हीप्रमाणे, सर.” आडनावातला ‘सी’ बारा वर्षांनी असा समोर येऊन बसला.

गोव्यात नाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, पण मला नाव बदलायचं नव्हतं, जे जन्मापासून आहे ते लायसन्सवर आणायचं होतं. म्हणून पासपोर्टाला हात लावला नाही. प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, पासपोर्ट असं सगळं डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या विमानवाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर चढवलं. लायसन्स दुरुस्त होऊन आलं, मी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की रेडिओ टेलिफोनचं लायसन्स वेगळा कागद आहे आणि त्यावर ‘के’ तसाच आहे. पुन्हा पहिल्यापासून. पेढे तेवढे परत आणले नाहीत.

कस्टम्स कुठे करायचं हाही प्रश्न होता. देश सोडताना शेवटचं उड्डाण कस्टम्स असलेल्या विमानतळावरूनच व्हायला हवं. मोपाला ती सोय आहे. पण तिथेच देशाबाहेर पडल्याचा शिक्का घेतला, तर तिरुवनंतपुरमला इंधनासाठी उतरताना आम्ही कोण, देशातले की देशाबाहेरचे? म्हणून मोपा ते तिरुवनंतपुरम साधं देशांतर्गत उड्डाण ठेवलं आणि इमिग्रेशन, कस्टम्स तिथे केलं. समुद्रावरचा पल्लाही त्यामुळे दोनशे मैलांवर आला. एकच इंजिन असताना याला किंमत असते. लाइफ जॅकेटं तिघांनी निघण्यापूर्वीच अंगात घातली, वहिनींनी कुरकुर करत का होईना.

समुद्रावर म्हणून गार्मिनचं इनरीच, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, घ्यायचा माझा विचार होता. बरं झालं, विचारच राहिला. सॅटेलाइटवरून बोलणारं कुठलंही यंत्र आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्याच विमानतळावर एका परदेशी धावपटूला याच यंत्रासाठी अडवलं होतं. विमानातल्या ४०६ मेगाहर्ट्‌झच्या आपत्कालीन ट्रान्समीटरवर भिस्त ठेवली.

श्रीलंकेच्या परमिटात मी स्वतःच माती खाल्ली. अर्जात उतरण्याची वेळ ०९३० लिहिली, आपल्या घड्याळाची. तिकडचं घड्याळही आपल्याचसारखं, त्यामुळे डोक्यात काही खटकलंच नाही. पण या सगळ्या कागदांत वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागचं जागतिक घड्याळ; वैमानिक त्याला झुलू म्हणतात. म्हणजे मी दुपारी तीनला उतरायची परवानगी मागितली होती. रत्मलानाच्या एजंटाने निघायच्या दोन दिवस आधी विचारलं, “०९३० झुलू, सर? शुअर?” मी शुअर नव्हतो.

निघालो त्या दिवशी फ्लाइट प्लॅन, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, हवाई संरक्षणाचा एडीसी नंबर, सगळं पॅडवर लिहून मांडीला बांधलं. तिरुवनंतपुरमला रात्र काढली. सकाळी इमिग्रेशनच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही क्रू की पॅसेंजर? एअरलाइनच्या पायलटासारखं कार्ड माझ्याकडे नाही. जनरल डिक्लरेशनवर क्रू, पासपोर्टावर श्रीलंकेचं ईटीए, म्हणजे प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, दोन्ही दाखवलं. त्यांनी लायसन्स आणि पासपोर्ट शेजारीशेजारी ठेवले, बोट दोन्ही आडनावांवरून फिरवलं आणि शिक्का मारला. त्या बोटाकडे मी ज्या नजरेने पाहत होतो ती भाईंनी टिपली. विमानात बसेपर्यंत हसत होते.

मन्नारच्या आखाताजवळ चेन्नईची हवाई हद्द संपून कोलंबोची लागते. ती ओलांडायची वेळ फ्लाइट प्लॅनमध्ये मी आधीच लिहिली होती, दोन मिनिटांनी चुकली. खाली निळं पाणी आणि एक मासेमारीची होडी. ती कुठल्या देशाची ते कळायला मार्ग नव्हता. भाई म्हणाले, “माझ्या वडलांना पोळ्याचा नाका ओलांडून कारवारला जायला कागद लागायचे.” पोळे म्हणजे गोव्याची दक्षिण सीमा, आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. १९५५ साली दाबोळीला विमानं उतरू लागली तेव्हा पोर्तुगीजांची कंपनी कराचीला जायची, दमण-दीवला जायची, पण शेजारची मुंबई तिच्या नकाशात नव्हती.

चार दिवसांनी परत तिरुवनंतपुरमला उतरलो. दुसरेच साहेब होते. पासपोर्ट उघडून त्यांनी सवयीने विचारलं, “फ्लाइट नंबर?” मी विमानाचं नोंदणी अक्षर सांगितलं. “एअरलाइन?” मागून भाई म्हणाले, “माझी.” साहेबांनी मान वर केली, भाईंकडे पाहिलं, मग वहिनींच्या हातातल्या चहाच्या चार पाकिटांकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.