काट्याच्या पावतीवरचा संघ

नोव्हेंबर लागला की आमच्या यावल-रावेरकडच्या माणसाचा पाय घरात ठरत नाही. बामणोदची हिरवट-पांढरी, हातभर वांगी बाजारात दिसली की कुणाच्या तरी मळ्यातून फोन येतोच, "संध्याकाळी या, भरीत आहे." कोण कोण येणार हे कुणी विचारत नाही. किती वांगी भाजायची एवढंच विचारतात.

18 नोव्हेंबर 2025 च्या मंगळवारी आमच्याच मळ्यात भरीत होतं. दुपारी केळीची कापणी उरकली होती, वजनकाट्याची पावती माझ्या खिशात होती, आणि ढाक्यात साडेसातला भारत-बांगलादेश फुटबॉल सामना सुरू होणार होता. खरं तर त्या सामन्यात आपलं काही उरलं नव्हतं. 2027 च्या आशियाई चषकाचं दार महिनाभर आधी मडगावलाच बंद झालं होतं. सिंगापूरनं आपल्या घरात येऊन 2-1 नं हरवलं होतं. वरात निघून गेल्यावरही मांडवात बसून राहणारे काही पाहुणे असतात, त्यांतले आम्ही. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तुरीच्या काड्या पेटवल्या.

आमच्यात फुटबॉल कुठून आला, हे आधी सांगायला हवं. केळी, कापूस आणि क्रिकेट यांच्या मुलखात हे खूळ आणलं माझ्या मामांनी. मामा भुसावळला रेल्वेत होते. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या क्वार्टरला गेलं की समोरच्या मैदानावर संध्याकाळी धूळ उडायची आणि त्या धुळीतून कधीतरी बॉल बाहेर यायचा. मे महिन्यातलं भुसावळ म्हणजे पंचेचाळीस अंशांची भट्टी. त्या भट्टीत सूर्य कलायची वाट बघत बूट घालून बसलेली पोरं मी पाहिली आहेत. पुढं कॉलेजात मी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळलो. राइट बॅक का, तर मामा म्हणाले होते, "ज्याला काही येत नाही त्याला आधी राइट बॅकला टाकतात." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते याच विश्वासानं संघ निवडतात.

वांगी भाजली जात होती तोवर पुतण्यानं विषय काढला. तो पुण्याला इंजिनीअरिंग करतो आणि दिवाळीची सुटी ताणून ताणून अजून घरी होता. म्हणाला, "काका, तुमचे अकरा सांगा बरं." मी खिशातून पेन काढलं. कागद दुसरा नव्हता, म्हणून काट्याची पावती उलटी केली. पुढच्या बाजूला क्विंटल आणि भाव, मागच्या बाजूला भारत.

गोलकीपरवर फार वेळ गेला नाही. गुरप्रीत सिंग संधू की विशाल कैथ, एवढाच प्रश्न होता. मामांनी गुरप्रीतचं नाव सांगितलं, कारण त्याची उंची. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्यानंच तिसरा क्रमांक मिळवून दिला होता, तेही डोळ्यांसमोर होतं. बचावात अन्वर अली, त्यावर कुणाचंच दुमत नाही. त्याच्या शेजारी संदेश झिंगन. इथं पुतण्या कुरकुरला. झिंगन बत्तीसचा झाला, राहुल भेके पस्तिशीला टेकला, मागच्या फळीत नवं रक्त कधी येणार, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बरोबर होता. पण आपल्या मुंबईचा राहुल भेके यादीतून खोडायला माझा हात काही धजेना. निवड समितीत मला का घेत नाहीत, याचं उत्तर त्यात असावं.

मधली फळी लिहिताना गंमत वाटते. अपुइया, सुरेश, जीक्सन, ब्रँडन, सहल: पाच नावं तीन जागांना. विंगर, म्हणजे कडेनं पळणारे, तर बाजारात माल जास्त आल्यासारखे. छांगते, लिस्टन, महेश, विक्रम प्रताप. कुणालाही उचला, भाव सारखाच. छांगतेनं दोहा इथं कतारविरुद्ध मारलेला गोल आठवला की मला अजूनही छातीत धडधडतं. त्याच सामन्यात बॉल रेषेबाहेर जाऊन आत आलेला असताना कतारचा गोल धरला गेला, हे आठवलं की धडधडण्याचं कारण बदलतं.

मग लिहिता लिहिता पेन थांबलं.

नऊ नंबर. म्हणजे सगळ्यांत पुढं राहून गोल मारणारा.

पावतीच्या वरच्या टोकाला, जिथं पुढच्या बाजूनं व्यापाऱ्याचा शिक्का उमटला होता, तिथं मी एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर काही लिहिलंच नाही. मामा बघत होते. म्हणाले, "काय भो, तिथं काय भूत खेळणार का?"

या आशियाई पात्रता फेरीत ढाक्याला जायच्या आधीच्या चार सामन्यांत आपण गोल मारले दोन. एक रहीम अलीनं सिंगापुरात, सामना संपता संपता. दुसरा मडगावला छांगतेनं, म्हणजे विंगरनं. घरच्या बांगलादेश सामन्यात शिलाँगला शून्य, हाँगकाँगला शून्य. मार्च 2025 मध्ये सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. आला आणि मालदीवविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल मारून मोकळा झाला, देशासाठीचा पंच्याण्णवावा. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना थोडी लाजही वाटली, तीही सांगायला हवी. घरातल्या आजोबांनी गाडीला धक्का मारून ती सुरू केली, की धडधाकट नातवंडांना वाटावी तशी.

पुतण्याकडं याचं कारण तयार होतं. 2014 ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालायचे. ते कमी होत होत आता चारवर आलेत. पण क्लबचा मालक पैसे मोजून परदेशी आणतो तो कुठं खेळवायला? गोल मारायला. मग आपला पोरगा विंगवर जातो, नाहीतर बाकावर बसतो. दहा-अकरा वर्षं ज्या जागेवर कुणी आपलं खेळलंच नाही, त्या जागेवर राष्ट्रीय संघाला माणूस कुठून मिळणार? मी म्हटलं, केळीच्या बागेत जिथं रोपच लावलं नाही तिथं घड शोधण्यासारखं आहे हे. मामांना ही उपमा पटली नाही. "रोपं लावली होती," ते म्हणाले, "पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात सोडलं."

तेवढ्यात ढाक्यात गोल झाला. पहिल्या पंधरा मिनिटांतच, शेख मोरसालिननं मारला. आमच्यातल्या एकानंही ओरड केली नाही. मामांनी फक्त काडी घेऊन एक वांगं उलटं केलं.

भरिताचं एक बरं असतं, बघणाऱ्याच्या हाताला काम असतं. वांग्याची साल काळी पडून फुगते, मग ती पाण्याचा हात लावत सोलायची. बोटं भाजतात, तरी कुणी चिमटा वापरत नाही. आतला गर बडगीत टाकायचा, लाकडी मुसळीनं कांडायचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच कुटलेले. ज्यानं मुसळी हातात घेतली त्यानं ती शेवटपर्यंत सोडायची नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. अर्ध्यावर हात बदलला की भरिताला तार येत नाही म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण आमच्या बाईमाणसांनी हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

त्या मुसळीवरूनच विषय प्रशिक्षकावर गेला.

शेजारच्या मळ्याचे आबा तोवर गप्प होते. त्यांना फुटबॉल कळत नाही, पण माणसं कळतात. त्यांनी विचारलं, "तुमचा तो मुख्य माणूस कोण आहे आता?" मग पुतण्यानं त्यांना वंशावळ सांगितली. क्रोएशियाचा स्टिमॅच पाच वर्षं होता, 2024 च्या जूनमध्ये त्याला काढलं. मग स्पेनचा मानोलो मार्केझ आला, तो एकाच वेळी गोव्याच्या क्लबचाही प्रशिक्षक होता. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर, आणि वर्षभरात तोही गेला. आता ऑगस्टपासून खालिद जमील.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," आबा म्हणाले. मानोलोबद्दल वर्षभर जे जे लिहिलं-बोललं गेलं ते मी बरंच वाचलं होतं. एवढ्या थोडक्यात कुणी उरकलं नव्हतं.

खालिदवर मात्र आमच्यात फूट आहे. पुतण्याला तो जुन्या वळणाचा वाटतो. मागं बसा, वाट बघा, लांब बॉल मारा. मला तो आवडतो, आणि आवडण्याचं कारण फुटबॉलच्या बाहेरचं आहे. मिझोरमच्या ज्या ऐझॉल क्लबला आधल्या वर्षी लीगमधून खाली ढकललं होतं आणि मग कसंबसं परत घेतलं होतं, त्या संघाला घेऊन या माणसानं 2016-17 ची आय-लीग जिंकली. पदरी जे आहे त्यात संसार करणारा माणूस आहे तो. खान्देशी माणसाला असा माणूस आपला वाटतो. आम्हीही पाऊस जेवढा पडेल तेवढ्यातच बाग जगवतो.

पण खालिद काय किंवा आणखी कुणी काय, राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती मुसळी राहते किती वेळ? क्लबकडून पोरं येतात, आठ-दहा दिवस राहतात, सामना खेळतात, परत जातात. ओमानला हरवलं त्या स्पर्धेला तर कोलकात्याच्या एका बड्या क्लबनं आपले खेळाडू सोडलेच नव्हते, कारण स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांत बसत नव्हती. म्हणून मला वाटतं, मुख्य प्रशिक्षक बदलण्यापेक्षा त्याच्या हाताखाली एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त एक. देशातली सतरा-अठरा वर्षांची गोल मारणारी पोरं शोधायची आणि ती ज्या क्लबात असतील तिथं जाऊन त्यांच्या मागं बसायचं. मोठा पगार, मोठं नाव काही नको. आमच्याकडं केळीवर रोग पडला की पानं उलटी करून बघत फिरणारा एक माणूस असतो, तसा.

मामांना हे फार लांबचं वाटलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लांबच्या योजना कुणाला हव्यात? त्यांनी रहीमसाहेबांना बाहेर काढलं. ते दरवर्षी निघतात. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं मास्तर. त्यांच्या हाताखाली भारतानं 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडास्पर्धांची सुवर्णपदकं जिंकली, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा आला. ती चौथी जागा मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध मारलेल्या तीन गोलांवर उभी होती, हे मामा नेहमी जोडतात. पण त्यांचा खरा हुकमी पत्ता जकार्ता. 1962 ची उपांत्य फेरी. जर्नेल सिंग हा मधला बचावपटू, डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला उचलून थेट सेंटर फॉरवर्डला टाकलं. त्यानं तिथंही गोल मारला आणि कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही.

"म्हणून म्हणतो," मामा म्हणाले, "लिही तिथं झिंगन."

"आजोबा, तो बत्तीसचा आहे!" पुतण्या.

"जर्नेलचं डोकं फुटलेलं होतं. याचं शाबूत आहे ना?"

यावर कुणी काय बोलणार! मी नऊच्या रेघेवर पेन्सिलीनं नव्हे, पेनानंच प्रश्नचिन्ह काढलं. पुतण्यानं रायन विल्यम्सचं नाव सुचवलं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, तिथला पासपोर्ट सोडून भारताचं नागरिकत्व घेतलेला. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळं खेळायचं तर दुसरं घर सोडूनच यावं लागतं. बांगलादेशला ती अडचण नाही. इंग्लंडात वाढलेला हमझा चौधुरी त्यांच्याकडून समोरच्या मोबाईलवर खेळत होता. विल्यम्स त्या रात्री मैदानावर उतरू शकत नव्हता. आणि तोही मुळात विंगरच.

सामना 1-0 वर संपला. क्रमवारीत आपल्याखाली चाळीसहून जास्त पायऱ्या असलेल्या संघानं आपल्याला बावीस वर्षांनी हरवलं. कुणीतरी मोबाईल पालथा घातला. भरीत तयार होतं. वर कांद्याची पात, शेंगदाणे, बाजूला कळण्याच्या पुऱ्या. केळीच्या पानावर सगळं वाढलं गेलं आणि पाच मिनिटं कुणाला भारत आठवला नाही. मग मामा तोंडात घास असताना म्हणाले, "पहिल्या हाफला लिस्टनला काढायला पाहिजे होतं." लिस्टन त्या वेळी मैदानावर होता का नव्हता, हे कुणी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याकडं पैशांसाठी गेलो. पावती दिली. तिला तेलाचा डाग पडला होता, नेमका डाव्या बगलेच्या जागी, त्यामुळं लेफ्ट बॅक कोण हे मलाही वाचता येत नव्हतं. त्यानं पुढची बाजू पाहिली, आकडे मोजले, कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली. मग पावती उलटली आणि थांबला. ओठ हलवत एकेक नाव वाचलं, जणू कुणाकुणाला किती उधारी द्यायची आहे याची यादी होती. दोन-तीन नावांवर अडखळला.

"हे काय लिहू राह्यला होता भाऊ?"

"भारताचा संघ. फुटबॉलचा."

त्यानं परत वरपासून खालपर्यंत पाहिलं. प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं.

"आणि यात तो सुनील छेत्री कुठंय?"

मी पैसे मोजायला लागलो.