फ्रेमवरचं क्विल्टिंग: गोलाईत बिघडणारी टीप, पट्टा १ ते ४

क्विल्ट म्हणजे वरचं कापड, मधला भराव आणि खालचं अस्तर एकत्र शिवलेली गोधडी; फ्रेमवर ती एकेक पट्टा शिवून पुढे गुंडाळत जातात. पहिले दोन पट्टे वरून अगदी छान दिसत होते. क्विल्ट पुढे गुंडाळताना अस्तराला हात लागला तर खरखरीत लागलं, म्हणून वाकून खालून पाहिलं. सरळ टिपा ठीक होत्या. पण प्रत्येक गोलाईवर वरच्या दोऱ्याचे बारीक फासे खाली ओढले गेले होते, आपण ज्यांना आयलॅशेस म्हणतो ते. वर निळा दोरा, खाली पांढरा, त्यामुळे एकूण एक फासा दिसत होता.

सगळ्यांचा हात आधी जिथे जातो तिथेच माझाही गेला: वरच्या टेन्शनच्या (दोऱ्याच्या ताणाच्या) नॉबवर. अर्धा फेरा आवळला. फासे कमी झाले, पण दोरा दोनदा तुटला आणि वरच्या बाजूला पांढरे ठिपके यायला लागले. नीट पाहिल्यावर कळलं की डावीकडून उजवीकडे जाताना ठिपके वर येताहेत आणि उलट दिशेला फासे खाली राहताहेत. एकाच टिपेत दोन्ही दोष दिसत असतील तर नॉब फिरवून काही होणार नाही. मी मशीन बंद केलं आणि बॉबिनपासून (खालच्या दोऱ्याच्या रिळापासून) पुन्हा सुरुवात केली.

फ्रेमवर कापड जागेवर राहतं आणि मशीन फिरतं. सुई कापडात असतानाही मशीन थोडं सरकत असतं, त्यामुळे सुई वाकते. एका दिशेला ती हुकाच्या (खालून वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या) जवळ येते, दुसऱ्या दिशेला दूर जाते. म्हणून फ्रेमवरच्या टेन्शनची खरी परीक्षा गोलाईतच होते, आणि सरळ टीप बघून जुळवलेलं टेन्शन तिथेच उघडं पडतं. साध्या मशीनवरून फ्रेमकडे आलेल्यांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, काढली. बाहेरून स्वच्छ दिसत होती. पण तिच्या दोरा दाबून धरणाऱ्या पट्टीखालून जाड कागदाचा कोपरा सरकवला तर तिथून तंतूंची एक चपटी घडी निघाली, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, दाबून दाबून फेल्टसारखी झालेली. पट्टी तेवढीच उचललेली राहत होती, त्यामुळे खालचा दोरा कधी धरला जायचा, कधी सुटायचा. साफ करून केस तळहातावर ठेवली आणि दोरा वर ओढला. केस उभी राहिली पाहिजे, पण हातावरून उचलली जाता कामा नये. माझी अजून पडूनच राहत होती, म्हणजे ताण सैल. स्क्रूवर पेनाने खूण केली आणि घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढाच फिरवला. दुसऱ्यांदा तेवढाच फिरवल्यावर केस उभी राहिली. हा स्क्रू याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि खूण केल्याशिवाय तर मुळीच नको.

बॉबिन भरतानाचा ताणही तपासा. माझी एक बॉबिन दाबल्यावर मऊ लागली, ती सरळ बाजूला काढली.

मग वरच्या दोऱ्याचा मार्ग. दोरा पुन्हा ओवला, तीन भोकांच्या गाइडमधून एक वेढा कमी केला (वर ४० नंबरचा पॉलिएस्टर आहे, त्याला एवढी अडवणूक लागत नाही) आणि दोरा दोन्ही हातांनी धरून टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसवला. तो चकत्यांवर नुसता टेकलेला असेल तर नॉब कितीही फिरवा, काही फरक पडत नाही. सुई बदलून १८/११० ची घातली. जाड सुई कमी वाकते.

सगळ्यात मोठा फरक मात्र अनपेक्षित ठिकाणी पडला. मी क्विल्ट ढोलासारखी ताणून लावली होती, तीच चांगली सवय समजून. तसं ताणलेलं कापड सुईबरोबर वर उचललं जातं, दोऱ्याचा फासा नीट तयार होत नाही आणि हुक तो चुकवतो. आता खालून बोट वर दाबलं की वरून ते चिमटीत धरता यावं, एवढा सैलपणा ठेवला. शिवाय गुंडाळलेला रोल जाड होत गेला की क्विल्ट मशीनच्या बेडपासून (सुईखालच्या सपाट भागापासून) वर जाते. तिसऱ्या पट्ट्याआधी तो रोल खाली घेतला, मधे बोटभर जागा राहील इतका.

चाचणी क्विल्टच्या कडेला, त्याच तीन थरांवर केली: दोन्ही दिशांनी आठचे आकडे, काही टोकदार तारे, रोजच्याच वेगाने. इंचाला ११ टाके. फोन फ्रेमखाली धरून फोटो काढला, म्हणजे दर वेळी वाकावं लागत नाही. चौथ्या प्रयत्नाला दोन्ही दिशांची गोलाई सारखी आली, दोन्ही दोऱ्यांची गाठ भरावाच्या मधोमध.

पहिल्या दोन पट्ट्यांतल्या फक्त गोलाया उसवल्या. तीन संध्याकाळी गेल्या, पण सरळ टिपा वाचल्या. तिसरा आणि चौथा पट्टा खालूनही स्वच्छ आहे. ताऱ्यांच्या टोकांवर मात्र अजून एकेक पांढरा ठिपका उरतोय, कारण तिथे माझा हात क्षणभर थांबतो आणि मग झटक्यात निघतो. पाचव्या पट्ट्यात टोकाकडे जातानाच वेग कमी करून, न थांबता वळून पाहणार आहे. टेन्शनला हात लावणार नाही.