सहा सूत

रंकाळ्यावर गाडी उभी केली की पाच मिनिटांत भोवती माणसं जमतात. कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं वेड नवं नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली माणसं आधी गाडी डोळे भरून बघतात. माझी गाडी त्या मानानं लहानशी, 1952 ची एमजी टीडी. दोन माणसांची, उघडी, बाराशे पन्नास सीसीची. ज्यांना मी चालवायला देतो, ते एक फेरी मारून आले की हटकून एकच विचारतात: "क्लच एवढा सैल का ठेवलाय? पेडल वर मोकळंच जातंय. जरा टाईट करून घ्या की."

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सगळं सांगतो. ते मोकळं जाणं मी मुद्दाम ठेवलेलं आहे आणि दर दोन महिन्यांनी मोजतो. पाऊण इंच. उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींनी मला हे शिकवलं, ते इंचात बोलायचे नाहीत. इंचाची आठ सूत, म्हणून पाऊण इंच म्हणजे सहा सूत. "मालक, सहा सूत सोडायचं. त्यात हात घालायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य.

आधी आत काय आहे ते बघा. इंजिनच्या मागं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं जड चाक, त्याला क्लच प्लेट चिकटलेली, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. दाबायला स्प्रिंगा असतात. क्लच दाबला की या स्प्रिंगांचा जोर उलटा खेचायचा, म्हणजे प्लेट सुटते आणि इंजिनचा जोर चाकांकडे जायचा थांबतो. खेचायचं काम तीन लहान तरफा करतात, आणि त्या तरफांना ढकलतं रिलीज बेअरिंग. टीडीत याला बेअरिंग म्हणायचं एवढंच. त्यात छर्रे नाहीत, गोल फिरणारं काही नाही. ती कार्बनची एक जाड कडी आहे. क्लच दाबाल तेव्हा ही कडी फिरणाऱ्या लोखंडावर घासते, सोडाल तेव्हा तिनं लांब राहायला हवं. पेडलचं सहा सूत आतल्या बाजूला पोचतं तेव्हा जेमतेम कागदाच्या काही घड्यांएवढं अंतर उरतं. तेवढ्यावर त्या कडीचं आयुष्य अवलंबून आहे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी गाडी माझ्या हातात दिली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पेडलचा तो मोकळा भाग मला खटकायचा, गाडी म्हातारी झाल्यासारखी वाटायची. एका गॅरेजात नेऊन मीच सांगितलं, सगळा प्ले काढून टाका. त्यांनी काढला. पेडलला नुसता बूट लागला तरी क्लच लगेच काम करायचा, आणि मला वाटलं, गाडी नवी झाली.

तीन आठवड्यांनी पन्हाळ्याला निघालो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळपर्यंत काही जाणवलं नाही. वाघबीळनंतर चढ लागला. तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथंच. आणखी दाबला, आवाज आणखी चढला, गाडी उलट मंदावली. मग वास आला. जळलेल्या क्लच प्लेटचा वास एकदा नाकात गेला की माणूस तो विसरत नाही. वडील शेजारी बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. उतरून त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला आणि बांधावर जाऊन बसले. ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

गाडी ट्रकला बांधून उद्यमनगरात आणली. टीडीचा क्लच बघायचा म्हणजे सीटं काढा, पायाखालच्या लाकडी फळ्या काढा, मधल्या बोगद्यावरचं झाकण काढा आणि मग गिअरबॉक्स उतरवा. मेस्त्रींनी ती कार्बनची कडी माझ्या तळहातावर ठेवली. झिजून भोवतीच्या लोखंडी कडेच्या बरोबरीला आली होती. "ही दिवसरात्र दाबून हुती," ते म्हणाले. "हिला झोप दिलीच न्हाई तुम्ही."

इथं एक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते, माझ्याही होती. आपल्याला वाटतं, क्लच झिजला की पेडल सैल होत जाईल. सायकलच्या ब्रेकसारखं. होतं उलट. प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, आणि तरफांची आतली टोकं मागं, कडीच्या दिशेनं येतात. म्हणजे झिजेबरोबर मधली फट कमी होत जाते. पेडलचा मोकळा भाग आपोआप घटतो, पेडल जणू सुधारत जातं. सहाचं पाच, पाचचं तीन. फट संपली की कडी तरफांना थोडीशी दाबून धरते, स्प्रिंगांचा जोर तेवढा कमी पडतो, प्लेट घसरायला लागते. घसरली की लायनिंग आणखी झिजतं, कडी आणखी दाबते. मी ते सुरुवातीलाच शून्यावर आणून ठेवलं होतं. म्हणून एरवी वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू तीन आठवड्यांत गेली.

त्यामुळं जुन्या गाडीचं पेडल घट्ट लागलं की मला आनंद होत नाही, काळजी वाटते.

आता लावायचं कसं. माझ्या गाडीत पेडलपासून क्लचच्या हातापर्यंत, म्हणजे आतल्या कडीला ढकलणाऱ्या तरफेपर्यंत, लोखंडी दांडी आहे. तिच्या टोकाला एक नट आणि त्याला धरून ठेवणारा लॉक नट. पण पाना हातात घ्यायच्या आधी पिना बघायच्या. पेडलच्या आणि दांडीच्या सांध्यांत ज्या पिना असतात त्या सत्तर वर्षांत अंडाकृती झिजतात, त्यांची भोकंही. मग पेडल सहा सूत हलतं खरं, पण त्यातलं चार सूत पिनांच्या ढिलाईचं असतं. आत कडीपर्यंत पोचतं ते दोनच सूत. मेस्त्री याला खोटा प्ले म्हणायचे. खोटा प्ले मोजून जो नट फिरवतो तो माझ्यासारखाच वाघबीळला अडकणार. माझ्या पिना उद्यमनगरातल्याच एका टर्नरनं लेथवर करून दिल्या. ऑईल इंजिनांचे भाग करण्यात ज्या गल्ल्यांची हयात गेली, तिथं अशी पिन करून घ्यायला अर्धा तास पुरतो. बोल्ट मात्र त्यालाही कोड्यात टाकून गेले. टीडीच्या इंजिनचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाची. एमजी ज्यांची, त्या मॉरिसनं 1923 मध्ये कोव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती, आणि इंग्लंडातल्या मेस्त्रींकडचे पाने इंग्रजी. दोघांचं जमवून घेतलं ते असं. आमच्या टर्नरला हे सांगितलं तेव्हा तो बोल्ट हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे तिकडंबी असंच भागवत हुती व्हय."

पिना ठीक असल्या की गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे, आणि पेडल हातानं दाबायचं. पायानं नाही. पायाला कळत नाही. हातानं दाबलं की आधी फक्त परत आणणाऱ्या स्प्रिंगचा हलका विरोध लागतो, आणि मग एका जागी एकदम वजन येतं. तिथं कडी तरफांना टेकली. सुरुवातीपासून तिथपर्यंत पट्टीनं मोजायचं. कमी असेल तर लॉक नट सैल करून नट अर्धा आटा, फार तर एक. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजायचं, कारण आवळताना तो दांडीला थोडा ओढतो. मी तीनदा मोजतो. घाई असेल त्या दिवशी हे काम करतच नाही.

फट जास्त ठेवली तरी चालत नाही. मग क्लच पूर्ण सुटत नाही. त्याची परीक्षा रिव्हर्सनं घ्यायची: इंजिन हळू चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. मुकाट पडला तर ठीक. खर्रर्र केलं तर प्लेट अजून फिरते आहे. 

आणखी एक, खाली वाकलाच आहात तर. बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या लोखंडी कवचाच्या, तळाला एक भोक असतं आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लोंबत असते. कुणीतरी विसरलेली समजून ती काढू नका. इंजिनच्या मागच्या बाजूनं झिरपणारं तेल त्या भोकातून खाली पडावं, आणि पिनेच्या हलण्यानं भोक चिखलानं बुजू नये, यासाठी ती आहे. भोक बुजलं की तेल साठतं, प्लेटवर जातं, आणि कितीही नट फिरवा, क्लच घसरतोच. पावसाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवरून आल्यावर मी ती पिन बोटानं हलवून बघतो.

1955 च्या एमजीए या नंतरच्या मॉडेलात कंपनीनं दांडीऐवजी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच दिला, आणि आजच्या गाड्यांत तर हे सगळं आपोआप होतं. मला त्याबद्दल तक्रार नाही, माझी रोजची गाडीही तशीच आहे. पण तिच्यात क्लच संपत आला हे मला शेवटच्या दिवशी कळेल. टीडी दर दोन महिन्यांनी सांगते, सुतासुतानं.

आणि चालवताना पाय पेडलवरून पूर्ण खाली. व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला न्यूट्रल. महाद्वार रोडच्या गर्दीत मी ती नेतच नाही.

गेल्या रविवारी धाकट्या लेकीला पेडल हातानं दाबायला लावलं. डोळे मिटून दाब म्हटलं. ती हळूहळू दाबत गेली, थांबली, म्हणाली, "बाबा, इथं जड झालं." पट्टी लावली. पाच सूत. मी गाडीखाली गेलो, नट अर्धा आटा फिरवला, लॉक नट आवळला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा मोजलं, आणि खडूनं भिंतीवर तारखेपुढं सहाचा आकडा लिहिला. मग आम्ही पन्हाळ्याला गेलो.