जुन्या टोपोशीटवरून माळव्यातलं गाव शोधायचं असेल तर

इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत एखादी सनद, जमाखर्चाची वही किंवा मोडीतलं पत्र जपून ठेवलेलं असतं. त्यात इनाम गावाचं नाव असतं, पण ते गाव नेमकं कुठे हे आता कुणालाच सांगता येत नाही. फोनवर शोधलं तर त्या नावाची चार गावं निघतात, नाहीतर एकही नाही. अशा कामाला १९४० ते १९६० च्या दरम्यानच्या टोपोशीटसारखं, म्हणजे गावं, वाटा, नद्या दाखवणाऱ्या मोजणीच्या नकाशासारखं, दुसरं साधन नाही. मोठी धरणं, इंदूरची ब्रॉडगेज, बायपास आणि कॉलन्या येण्याआधीचा माळवा त्यात गावागणिक नोंदलेला आहे. मात्र शीट उघडून थेट गावाचं नाव शोधायला लागू नका. आधी ती शीट कोणत्या सालचं सांगते आहे हे ठरवा. बहुतेक चुकीचे निष्कर्ष ही पायरी गाळल्यामुळेच निघतात.

आधी शीटचा नंबर. सर्व्हे ऑफ इंडियाची पद्धत समजली की तो स्वतःच काढता येतो. चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनाला एक आकडा असतो. आपला ४६, म्हणजे २० ते २४ उत्तर आणि ७२ ते ७६ पूर्व. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, ए ते पी. ही अक्षरं वरून खाली उतरतात आणि मग शेजारच्या उभ्या रांगेत जातात. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, तेही वरून खाली. इंदूर २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व, म्हणून ४६ एन/१४. देवास ७६ च्या पलीकडे जातं, म्हणून ५५ बी/१. अक्षरं डावीकडून उजवीकडे मोजलीत तर इंदूरऐवजी ४६ एच, म्हणजे डांग-नाशिककडची शीट हातात येईल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या हल्लीच्या ओपन सीरीज नकाशांमध्ये हीच इंदूरची शीट एफ ४३ एन १४ या नंबरने मिळते. ती आजचा नकाशा म्हणून जवळ असू द्या, तुलनेला लागते.

जुन्या शीट्समध्ये सहज हाताशी येणारी मालिका म्हणजे अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसची यू-५०२. १९५५ पासूनच्या या शीट्स टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. प्रमाण १:२,५०,०००. एक शीट एक अंश उंच आणि दीड अंश रुंद, म्हणजे आपल्याकडे साधारण ११० बाय १५४ किलोमीटर. इथे नंबर डावीकडून उजवीकडे जातात. इंदूर एनएफ ४३-७ मध्ये, हरसूद एनएफ ४३-८ मध्ये, चंबळवरचा गांधीसागर एनजी ४३-१५ मध्ये. या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर, तेव्हा गावाचा ठिपकाच पाव किलोमीटर व्यापतो. वस्त्या, वाटा, नद्या, घाट यांसाठी ही मालिका उत्तम. विहीर, छत्री (समाधीवरचं बांधकाम), तलावाचा बांध शोधायचा असेल तर एक इंचाला एक मैल या प्रमाणाचीच शीट, म्हणजे इंची शीट, लागते, तिथे एक मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर.

आता समास. छापल्याचं साल मोठ्या अक्षरात असतं आणि मोजणीचं साल एखाद्या कोपऱ्यात लहान अक्षरात. यू-५०२ च्या शीट्स बहुतांशी सर्व्हे ऑफ इंडियाच्या आधीच्या शीट्सवरून संकलित केलेल्या आहेत. त्यामुळे १९५५ ची म्हणून घेतलेली शीट प्रत्यक्षात वीस-पंचवीस वर्षं जुनी जमीन दाखवत असू शकते, आणि रस्ते व रेल्वे तेवढे नंतर सुधारलेले असतात. समासातली संकलनाची छोटी आकृती पाहा. शीटचा कोणता तुकडा कोणत्या मूळ नकाशावरून घेतला ते त्यात दिलेलं असतं. एकाच शीटचे दोन भाग दोन वेगळ्या दशकांचे निघणं अगदी शक्य आहे.

समासावर भरवसा नसेल तर नकाशातल्या गोष्टींवरून साल पडताळता येतं, आणि इंदूरच्या आसपास त्यासाठी खुणा भरपूर आहेत. गंभीर नदीवरचा यशवंत सागर १९३९ चा. तो दिसत नसेल तर तो भाग त्याआधी मोजलेला आहे. इंदूर-देवास-उज्जैन ब्रॉडगेज १९६० च्या दशकात आली. देवासला रेल्वेच नसेल आणि उज्जैनकडे जाणारी गाडी फतेहाबादवरून मीटरगेजने जात असेल, तर शीट त्याआधीची. सीमा आणखी बोलक्या आहेत. होळकर, शिंदे, धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची गावं एकमेकांत मिसळलेली दिसली तर ती रचना मे १९४८ मध्ये मध्य भारत होण्यापूर्वीची. मध्य भारत लिहिलं असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आतली. पण सीमा आणि नावं नंतरही नकाशावर चढवली जात, म्हणून एका खुणेवर साल ठरवू नका. धरण, रेल्वे आणि सीमा तिन्ही जुळल्या तरच ठरवा.

यापुढचं काम संगणकावर. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये जिओरेफरन्सर (स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणारं साधन) उघडा, स्कॅन घ्या, चारही कोपरे आणि आतल्या रेषांचे छेद मिळून आठ-दहा बिंदू द्या. इथली नेहमीची चूक म्हणजे २२ अंश १५ मिनिटं हे २२.१५ असं भरणं. ते २२.२५ आहे. या एका चुकीने गाव अकरा किलोमीटर दक्षिणेला सरकतं. रूपांतराचा प्रकार पॉलिनॉमियल १ ठेवा. कागद आकसलेला असेल, घडीवर ओढला गेलेला असेल, तर पॉलिनॉमियल २. थिन प्लेट स्प्लाइन दिसायला छान बसतं, पण ते प्रत्येक बिंदूपाशी चूक शून्य दाखवतं, त्यामुळे एखादा बिंदू चुकीचा भरला असेल तर तो कळतच नाही. नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी अडचण डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्याची. जुन्या शीट्स एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती रूपावर) आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू आपल्याच माळव्यात, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतं. आपल्या भागात दोहोंत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. अडीच लाखाच्या नकाशावर तो जाणवत नाही, पण इंची शीटवर दीड-दोन मिलिमीटर होतो आणि शेतातली बावडी शेजारच्या शेतात जाऊन पडते. म्हणून लक्ष्य प्रणाली ईपीएसजी ४१४६ (कल्याणपूर १९७५ या डेटमचा संकेतांक) द्या आणि रूपांतर क्यूजीआयएसला करू द्या. प्रोग्रॅमने बॉलपार्क, म्हणजे ढोबळ, अशी सूचना दिली तर ती झटकून टाकू नका. त्याचा अर्थ फरक अजिबात धरलेला नाही. शेवटी पडताळा करा: पाताळपाणी-कालाकुंड घाटातली रेल्वेची वळणं, नद्यांचे संगम, एखादं टेकडीमाथ्याचं देऊळ. नदीचा काठ पडताळ्याला घेऊ नका, तो सरकतो.

फोनवर न्यायचं तर एमबीटाइल्स (फोनवर उघडणारी नकाशाची फाइल) तयार करा. अडीच लाखाच्या स्कॅनला झूम ९ ते १३ पुरे. त्यापुढे फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. इंची शीटच्या सूचीत वसलेलं गाव आणि ओसाड गाव यांची चिन्हं वेगळी आहेत. देऊळ, छत्री, मशीद, ईदगाह, थडगं यांनाही स्वतंत्र चिन्हं आहेत, आणि बांधीव विहीर कच्च्या विहिरीपासून वेगळी दाखवलेली असते. तलावाच्या बांधाशेजारी १०आर सारखं काही बारीक छापलेलं दिसेल. तो तिथल्या तिथली उंची सांगणारा आकडा आहे, जुन्या शीटवर फुटांत. समुद्रसपाटीची उंची समजून तो वाचू नका. गावाच्या मानाने बांध मोठा असेल, आजूबाजूला दोन-तीन बांधीव विहिरी असतील आणि चार गाडीवाटा तिथे येऊन मिळत असतील, तर ते ठिकाण एके काळी आजच्यापेक्षा मोठं असण्याचा संभव आहे. वाटा फार महत्त्वाच्या. आग्रा-मुंबई रस्त्याला लागून नसलेलं, पण महू-मंडलेश्वर मार्गावरच्या जाम घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचं खेडं आज आडबाजूला वाटतं. अहिल्याबाईंच्या काळात महेश्वरला जाणारा माणूस मात्र तिथूनच जात होता.

नावं जुळवताना सावध राहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, रोमन लिपीत ड आणि ळ सहज हरवतात, आणि माळव्यात पिपल्या, जामली, खेडी डझनांनी आहेत. एकट्या नावावरून गाव कधीच नक्की करू नये. कागदात परगणा आणि शेजारची निदान दोन गावं शोधा. तिन्ही नावं शीटवर तीन-चार कोसांच्या आत सापडली तरच पुढे जा. नंतर १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतली गावयादी आणि आजचा खसरा (जमिनींच्या नंबरवार सरकारी नोंदी) पाहा. मोकळ्या रानात एखाद्या खसरा नंबरावर जमिनीचा प्रकार आबादी, म्हणजे वस्तीची जागा, असा लागलेला असेल तर तो जवळजवळ निर्णायक पुरावा. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जही मागा. जुन्या वाटा, चराई, पाणवठे यांचे हक्क त्यात उतरलेले असतात.

जागेवर जायचं ते रब्बी निघाल्यावर, मार्च ते मे. पावसात काळ्या मातीत पाऊल उचलत नाही आणि पीक उभं असताना जमीन दिसत नाही. ओसाड गावठाणाची ओळख म्हणजे थोडा उंचवटा, राखाडी माती, खापऱ्या, चिंचेची जुनी झाडं आणि बहुधा अजून शेंदूर लावला जाणारा खेडापती हनुमान. कोटवाराला (गावच्या चौकीदाराला) आधी भेटा. गावाचं कांकड, म्हणजे शीव, कुठून कुठे जातं हे त्याला पाठ असतं. इथे गाव होतं का, असं विचारलं की लोक अदबीने हो म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा या जागेला काय म्हणतात, असं विचारा.

या शीट्सचा सर्वांत मोठा उपयोग बुडालेल्या गावांसाठी आहे, आणि तो पुरेसा केला जात नाही याची मला खंत वाटते. गांधीसागर १९६० मध्ये झाला आणि रामपुरा-भानपुराकडचा जुन्या होळकर मुलखाचा मोठा पट्टा पाण्याखाली गेला. त्याची पूर्ण जलपातळी १,३१२ फूट. इंची शीटवर समोच्च रेषा (समान उंचीच्या रेषा) ५० फुटांच्या अंतराने असतात. धरणाच्या वरच्या बाजूची १,३०० ची रेषा रंगवून घ्या. तिच्या आतली सगळी गावं बुडालेली, आणि रेषेच्या बाहेरची लगतची गावं काठावरची, एकेक करून तपासायची. धरणाखालचा भागही १,३०० च्या आतच असतो, तो वगळा. नदीच्या वरच्या अंगाला फुगवट्याचं पाणी या रेषेपलीकडे जातं, तिथे थोडं पुढचंही धरा. नर्मदेवरच्या इंदिरा सागरला २६२.१३ मीटर, म्हणजे ८६० फूट, तेव्हा ८५० ची रेषा. सरदार सरोवराला १३८.६८ मीटर, म्हणजे ४५५ फूट, तिथे ४५० ची.

अशी यादी करताना प्रत्येक गावापुढे दोन ठिकाणं लिहा, जुनं आणि पुनर्वसनाचं. हरसूद २००४ मध्ये उठलं आणि छनेऱ्याला नवं हरसूद झालं. आज नावाने शोधलं तर फोन तिथेच नेतो. जुन्या ठिकाणापुढे शीटचा नंबर आणि मोजणीचं साल लिहायला विसरू नका. दुसऱ्या कुणाला तुमचं काम तपासता येईल ते त्यावरूनच.