आमची वाटचाल : रद्दीच्या काट्यापासून डिलक्स बॉक्सपर्यंत

आमचं मूळ दुकान रद्दीचं. शनिवार पेठेत अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी 1983 ला गाळा भाड्याने घेतला, एक काटा, सुतळीचे गुंडे आणि बसायला एक मोडकं स्टूल, एवढंच भांडवल. आज त्याच गाळ्यात आम्ही एलपी रेकॉर्ड विकतो आणि लोक विचारतात रद्दीवरून इकडे कसे काय आलात, तर आम्ही कुठे आलो हो, रेकॉर्डच आमच्याकडे आल्या, गठ्ठ्याने.

नव्वदच्या दशकात घरोघरी कॅसेट झाल्या, मग सीडी आल्या आणि माळ्यावरच्या रेकॉर्ड खाली उतरायला लागल्या. दिवाळीची साफसफाई निघाली की जुन्या दिवाळी अंकांबरोबर खोक्यांनी रेकॉर्ड यायच्या. पण रद्दीत रेकॉर्डला भावच नाही, कागद नाही म्हणून गिरणीवाला घेत नाही आणि भंगारवाला प्लास्टिक म्हणून हात लावत नाही. मग अण्णा काय करायचे, कव्हर फाडून पुठ्ठ्यात टाकायचे कारण पुठ्ठ्याला भाव होता, आणि तबकडी कोपऱ्यात. मीपण फाडलीयेत, खोटं कशाला बोलू. शाळेतून आलो की तेच काम, आणि वरचं चकचकीत लॅमिनेशन असेल तर ते आधी सोलायचं कारण पुठ्ठेवाला कटकट करायचा. आज नुसत्या कव्हरसाठी माणूस दोन हजार मोजतो तेव्हा ते सोललेले पापुद्रे डोळ्यासमोर येतात. जाऊ दे.

2008 ला एक हार्मोनियम शिकवणारे सर रद्दी घालायला आले, कोपऱ्यातला तो कव्हर नसलेला ढीग बघून खाली मांडीच घातली, दोन तास एकेक तबकडी उजेडात धरून बघितली, चाळीस बाजूला काढल्या आणि काट्यावर दोन हजार रुपये ठेवले. अण्णांनी मला मागे बोलावून विचारलं, "बरा आहे ना रे हा माणूस?" सर बरे होते. आमचंच डोकं ठिकाणावर नव्हतं वीस वर्षं.

पुढची दोन वर्षं मी शिकत होतो. बुधवार-रविवार जुना बाजार, महिन्यातून एकदा मुंबईला चोरबाजार. शिकताना नुकसान पण केलं, 78 च्या म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, ते एलपीला पाणी घालून चालतं पण 78 वाली लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फडकं काळं झालं तरी मी खुश की केवढी घाण निघतेय बघा! अकरा तबकड्या गेल्या. 2010 ला पाटी बदलली. अण्णा रोज सकाळी येऊन बसायचे ते काट्यासाठी, म्हणून काटा ठेवला, अजून आहे.

आता मूळ मुद्दा. दुकानात रोज एक तरी माणूस विचारतो, नवीन डिलक्स बॉक्स, म्हणजे जुनाच अल्बम नव्याने छापून पुस्तकाबिस्तकासकट भारी खोक्यात घातलेला, तो घेऊ का त्या काळातली जुनी ओरिजिनल शोधू? मी आधी त्यांना बसवतो कारण ह्याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाहीये, आणि माझं उत्तर दोन्ही पार्ट्यांना आवडत नाही. बॉक्सचे पैसे हे बरेचसे बॉक्सचेच असतात. आणि ओरिजिनल म्हणजे चांगलीच हे पण खरं नाही.

आपल्याकडच्या ओरिजिनलची गोष्ट आधी सांगतो. कोलकात्याजवळ डमडमला एचएमव्हीचा कारखाना होता, आपल्या घरातल्या हिंदी-मराठी रेकॉर्ड बहुतेक तिथल्याच. विलायती बँडच्या रेकॉर्डपण तिथे साच्यात दाबल्या जायच्या. तबकडीवर गाणं संपलं की लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिला डेड वॅक्स म्हणतात, तिथे बारीक नंबर कोरलेला असतो तो मॅट्रिक्स नंबर. डमडमच्या बऱ्याच बीटल्स एलपीवर हा नंबर इंग्लंडचाच असतो म्हणजे साच्याचं मूळ तिकडचं, दाबली इकडे. ऐकायला सुंदर, अट एकच, की ती कोणी वाजवलेली नसावी. आणि आपल्याकडे वाजवलेली असतेच! फिएस्टा प्लेयर, जड पिन, ती पिन वर्षानुवर्षं बदललेली नाही, गणपतीत मंडळाला उसनी दिलेली, कव्हरवर बॉलपेनने "चि. अमुक यास वाढदिवसानिमित्त", वर कोकणातल्या घरातून आली असेल तर कव्हरला बुरशी. खाचा एकदा घासल्या की कितीही धुवा, घाण जाते घासलेलं जात नाही. मी शंभर बघतो त्यातल्या पंधरा-वीस विकण्याजोग्या निघतात.

म्हणून 2012-13 पासून आम्ही नवीन रिइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्याने छापलेल्या एलपी, ठेवायला लागलो. लोकांना सील फोडायची मजा, आम्हाला मार्जिन. तेव्हा मला वाटायचं 180 ग्राम लिहिलंय म्हणजे भारी. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तर अण्णांचा इलेक्ट्रॉनिक काटा रिकामाच होता, मी नवीन तबकडी ठेवली, 183. दुसरी 178. मग डमडमची एक जुनी, 128. आणि ऐकायला ती 128 वाली उजवी! जाड तबकडी जरा सपाट राहते, हाताला बरी वाटते, पण खाच किती खोल आणि स्टुडिओतल्या कुठल्या टेपवरून कापली, म्हणजे साच्यासाठी कोरली, ते वजनात येत नाही. माझं अर्धं आयुष्य वजनावर गेलंय तरी मला हे कळायला काटा लागला.

खरा प्रश्न तो आहे, कुठल्या टेपवरून. बीटल्सचेच दोन बॉक्स घ्या, मी दोन्ही विकलेत. 2012 चा स्टीरिओ बॉक्स, 14 अल्बम, 252 पानांचं पुस्तक, पण खाचा कापल्या त्या डिजिटल मास्टरवरून. वाईट वाजतो असं नाही पण मग तेच डिजिटल सीडीवर होतंच की, एलपीचा भाव कशाला द्यायचा. 2014 चा मोनो बॉक्स, मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, तो मात्र ॲबी रोड स्टुडिओत मूळ मोनो टेपवरून सरळ कापलेला, मध्ये डिजिटल नाही. साठच्या दशकात ही मंडळी वेळ द्यायची ती मोनो मिक्सला, स्टीरिओ नंतर उरकायचे, आणि इंग्लंडच्या जुन्या मोनो एलपी न घासलेल्या मिळणं किती कठीण आहे ते मला विचारा. तर हा बॉक्स मी म्हणतो घ्यायलाच हवा होता. हवा होता अशासाठी की आता नवीन मिळत नाही आणि भाव चढलाय. आमच्याकडे तीन आले होते, तीनही महिन्याभरात गेले, स्वतःला एक ठेवायची अक्कल झाली नाही.

ओरिजिनलच घ्या असं मी सांगतो त्याचं उदाहरण लेड झेपेलिन ह्या इंग्लिश रॉक बँडचा दुसरा अल्बम, 1969 चा. पहिली अमेरिकन कटिंग रॉबर्ट लडविगने केली, इतकी दणदणीत की म्हणे साध्या प्लेयरवर पिन उड्या मारायला लागली आणि कंपनीने घाबरून मवाळ करून परत कापली. त्या पहिल्या लॉटच्या डेड वॅक्समध्ये त्याच्या नावाची आरएल अक्षरं असतात. ती दोन अक्षरं असतील तर त्यापुढे बॉक्स वगैरे विसरा. पण ती नसतील तर जुनी असून काही उपयोग नाही, नुसती जुनी आहे.

आणि उलटं उदाहरण आमच्या हार्मोनियमवाल्या सरांनी दिलं. माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू, 1959 ची, जॅझ न ऐकणाऱ्यांकडेपण असते अशी. सरांनी आमच्याकडूनच सत्तरच्या दशकातली जुनी प्रत नेली आणि चार दिवसांनी परत आले, म्हणाले "अरे पहिली बाजू चढी लागतेय, पेटीवर पट्टीच जुळत नाही, दुसरी बाजू बरोबर आहे." मी म्हटलं माझा प्लेयर बघा, तुमचा बेल्ट बघा, पिन बघा. नंतर वाचलं तेव्हा कळलं की रेकॉर्डिंगच्या दिवशी एक टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तीनही रचना किंचित चढ्या सुरात छापल्या गेल्या, आणि हे दुरुस्त झालं ते नव्वदच्या दशकात दुसरी टेप वापरून. म्हणजे तीसेक वर्षं सगळ्या जगाने ओरिजिनल म्हणून बेसूर बाजू जपली! सरांना ते कानाने कळलं. त्यांना मग नवीन रिइश्यू दिली, एकच तबकडी, बॉक्सबिक्स काही नाही.

ज्यांना वाटतं मला कानाने कळतं त्यांच्यासाठी अजून एक. 2022 मध्ये मोबाइल फिडेलिटी ह्या अमेरिकन कंपनीने कबूल केलं की त्यांच्या महागड्या रिइश्यूंमध्ये, ज्यांना लोक शुद्ध ॲनालॉग म्हणजे सरळ टेपवरून कापलेल्या समजत होते, मध्ये डिजिटल टप्पा होता, आणि तोही बऱ्याच वर्षांपासून. ह्याच रेकॉर्ड लावून "बघा डिजिटलला हे जमणार नाही" असं सांगणारे आमच्याकडे दोन जण होते. त्यातला एक त्यानंतर सहा महिने दुकानात आला नाही.

सगळ्यात भारी बॉक्स आमच्या दुकानात आला तो विकायला नाही, ऐकायला. कोथरूडच्या एका डॉक्टरांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ऑल थिंग्ज मस्ट पास ह्या अल्बमचा पन्नास वर्षांनिमित्तचा 2021 चा सगळ्यात मोठा सेट मागवला होता, हजार डॉलरला दोन सेंट कमी म्हणजे तेव्हाचे 75,000 च्या आसपास, कस्टम्स वेगळं. लाकडी पेटी, आत 8 एलपी, 5 सीडी, ब्लू-रे, पुस्तकं, त्याच्या बागेतले ते टोपीवाले बुटके असतात त्यांच्या छोट्या मूर्ती, आणि, बसा, रुद्राक्ष. आम्ही पुण्यात बसून लंडनहून रुद्राक्ष मागवले. डॉक्टरांच्या आईंनी ते लगेच देवघरात नेले म्हणे, त्यामुळे त्या घरात पैसे वसूल झाले असं धरायला हरकत नाही.

अण्णा तेव्हा होते दुकानात. त्यांनी काही न बोलता पेटी हाताने तोलून बघितली, मग आठही तबकड्या काट्यावर ठेवायला लावल्या, कव्हरशिवाय. दीड किलोपण भरल्या नाहीत. "बाकी?" म्हणाले. मी म्हटलं बाकी लाकूड, पुठ्ठा आणि कागद. "म्हणजे आपलाच धंदा," असं म्हणून परत पेपर वाचायला लागले.

आम्ही मात्र त्या रविवारी दोन्ही लावून बघितल्या. माझ्याकडे 1970 ची जुनी होती, गंमत म्हणजे ती ओरिजिनलच मुळात बॉक्स आहे, तीन एलपी, झाकण असलेला पुठ्ठ्याचा डबा, तिसरी एलपी नुसती मित्रमंडळींची वाजवावाजवी. जुनीत सगळं धुक्यात आहे, निर्माता फिल स्पेक्टरचा तो गच्च आवाज, दहा वाद्यं एकात एक मिसळलेली, गाणारा मागे कुठेतरी. नवीनमध्ये नवं मिक्स केलंय, म्हणजे आवाज आणि वाद्यं सुटी घेऊन परत जुळवलीत, नुसतं मास्टरिंग म्हणजे जुळलेल्या टेपला वरून पॉलिश नाही, त्यामुळे आवाज पुढे आलाय, शब्द कळतात, गिटार वेगळं काढून दाखवता येतं. डॉक्टर गप्प बसले होते. मग म्हणाले, "मला ते धुकंच हवं होतं बहुतेक." त्यांच्या मुलीला नवीन आवडलं. म्हणून मी आता आधी विचारतो की बॉक्समध्ये रिमास्टर आहे का रिमिक्स, कारण रिमिक्स असेल तर ते त्याच गाण्यांचं दुसरं रेकॉर्ड आहे, पहिल्याच्या जागी बसत नाही. दोन्ही ठेवायची ऐपत असेल तर प्रश्नच मिटला.

एवढं कळत असून त्याच वर्षी मी गाढवपणा केला. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन विक्री बरी झाली होती, डोक्यात हवा गेली, भिशीचे पैसे उचलले आणि एका सप्लायरकडून नऊ डिलक्स बॉक्स एकदम घेतले, परत न करण्याच्या बोलीवर. चारमध्ये एकेक तबकडी पापडासारखी वाकडी. सप्लायर म्हणाला सील तुम्ही फोडलं. सील न फोडता वाकडी कशी दिसणार ते काही त्याने सांगितलं नाही. बायको तेव्हापासून हिशोबाची वही स्वतःकडे ठेवते आणि खरं सांगायचं तर दुकान त्यामुळेच चालू आहे.

त्या नऊनंतर आम्ही आमची पद्धत ठरवली. बॉक्स फक्त ऑर्डरवर, अर्धे पैसे आधी, आणि सील गिऱ्हाइकासमोर फोडायचं, सगळ्या तबकड्या फिरवून बघायच्या. कुठल्या टेपवरून कापलंय ते कंपनीने लिहिलं नसेल तर मी सरळ सांगतो लिहिलेलं नाही, हिंदी सिनेमांच्या रिइश्यूंवर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतंच. जुनी घ्यायला आलात तर लेबल नंतर बघू, आधी लावून ऐकायची, पहिली बाजू पूर्ण, शेवटचं गाणं खास करून कारण घासलेलं आतल्या खाचांत आधी कळतं. आणि नाट्यसंगीत, भावगीतं, जुन्या मैफली मागायला येतात त्यांना तर निवडच नाही, त्यांचे डिलक्स बॉक्स कोणी काढत नाही, त्या डमडमच्याच शोधायच्या आणि धुवायच्या. आमची निम्मी विक्री आज तीच आहे, आणि एक तबकडी धुवायला मला दहा मिनिटं लागतात, डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, मग स्टँडवर वाळत.

अण्णा 2023 ला गेले. काटा काउंटरवरच आहे, पोरं त्यावर पार्सल तोलतात.

त्या नऊतले दोन बॉक्स अजून शिल्लक आहेत. एकाचा कोपरा दबलाय, दुसऱ्यातली तिसरी तबकडी जरा डुलते पण पिन उडत नाही, मी लावून दाखवीन. भावाचं बोलू, सोमवारी दुकान बंद असतं.