फाईल तुमच्या जागी, नोंद आमच्याकडे : आमची वाटचाल

आमच्या सॉफ्टवेअरने आजवर ग्राहकाची एकही फाईल स्वतःहून हलवलेली नाही, तिचं नाव बदललेलं नाही, तिच्यात एक बाइटही घातलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण आमचं जे काही झालं, बरं आणि वाईट, ते या एका हट्टापायी झालं.

प्रकल्पाच्या फाईल्स आणि त्या प्रकल्पासाठी नेटवरून जमवलेली कागदपत्रं यांची नोंद ठेवणारा डेस्कटॉप प्रोग्राम आम्ही बनवतो. ग्राहक मुख्यतः आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, व्हॅल्युअर आणि सर्व्हेअर. पहिली आवृत्ती व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, मागे मायक्रोसॉफ्टच्या जेट या डेटाबेस इंजिनाची एमडीबी फाईल, आणि पॅरलल पोर्टला लावायचं डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली. लहान ऑफिसच्या सॉफ्टवेअरसाठी तेव्हा हीच जोडी सगळीकडे असायची.

एमडीबीची कमाल मर्यादा २ जीबी. ती आम्हाला माहीत होती. चुकलं ते चित्रांचं गणित. प्रत्येक ड्रॉइंगची छोटी प्रतिमा आम्ही २०० बाय २०० पिक्सेल, २४ बिट, अशी बिटमॅपमध्ये थेट टेबलातच ठेवत होतो. २०० गुणिले २०० गुणिले ३, म्हणजे १,२०,००० बाइट. यावरून हिशेब केला तर अठरा हजार ड्रॉइंग व्हायच्या आतच फाईल भरते. शिवाय जुन्या प्रतिमा पुसल्या तरी एमडीबी लहान होत नाही, ती कॉम्पॅक्ट केल्यावर, म्हणजे रिकामी जागा गाळून फाईल नव्याने लिहिल्यावरच होते. म्हणजे ज्या ऑफिसात रोज ड्रॉइंग सुधारली जायची तिथे ही वेळ आणखी लवकर आली. आमचे सगळ्यात मोठे ग्राहक सगळ्यात आधी अडकले, आणि तेही मार्चअखेरीला.

कडेला आलेली एमडीबी सोडवायची रीत आम्ही त्या दिवसांत शिकलो. आजही कुणाकडे जुनं सॉफ्टवेअर चालू असेल, म्हणून नीट लिहितो. सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढा. शेजारी एलडीबी नावाची कुलूप-फाईल उरली असेल तर अजून कुणीतरी आत आहे, किंवा कुणाचं मशीन मध्येच बंद पडलं आहे. ते आधी शोधा. मग मूळ फाईलची प्रत घ्या आणि पुढचं सगळं प्रतीवरच करा. कॉम्पॅक्ट करताना नवी फाईल वेगळ्या नावाने बनू द्या, तेवढी जागा डिस्कवर मोकळी हवी. कॉम्पॅक्ट अर्ध्यात थांबलं तर रिकामी एमडीबी उघडून एकेक टेबल आयात करा. जे टेबल येत नाही ते एकेक ओळ वाचून आणा आणि जिथे वाचन अडेल ती ओळ सोडून पुढे जा. बहुधा बिघाड चित्राच्या किंवा मोठ्या मजकुराच्या रकान्यातच असतो, बाकीचे रकाने शाबूत निघतात. आमच्या ग्राहकांच्या नोंदी अशाच निघाल्या. त्यानंतर प्रतिमा जेपेगमध्ये दाबून डेटाबेसच्या बाहेर फोल्डरांत ठेवल्या: नावाच्या पहिल्या दोन हेक्साडेसिमल अक्षरांनुसार (० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा) २५६ उपफोल्डर, म्हणजे एकाच फोल्डरात हजारो फाईल्सचा ढीग होत नाही.

फाईल्स वाचल्या, पण एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, गेल्या. नेमकी तीच वेळ साधून एक मोठी कंपनी आमच्या ग्राहकांकडे पोचली.

तिचं नाव लिहीत नाही. त्यांची मांडणी आमच्या नेमकी उलट होती. "फाईल्स आमच्या पेटीत टाका, फोल्डर विसरा." त्यांचे विक्रेते आमच्या सॉफ्टवेअरबद्दल सांगत, "ते काय, नुसती यादी करतं." यादीच करतं, हे खरं आहे. पण यादी नीट करायला काय लागतं ते सांगायची संधी आम्हाला कुणी दिली नाही. डेमो आकर्षक होता, पहिलं वर्ष फुकट होतं, आणि आमचे ग्राहक एकामागून एक गेले.

पेटीच्या आत फाईलचं मूळ नाव राहत नव्हतं. आठ आकडी अनुक्रमांक आणि पुढे डीएटी, बस्स. खरं नाव, फोल्डर, तारीख हे सगळं त्यांच्या बंदिस्त डेटाबेसात. पुढे त्यांनी ते उत्पादन बंद केलं, लायसन्स तपासणारा सर्व्हरही बंद केला, आणि ग्राहकांच्या हातात हजारो निनावी फाईल्स राहिल्या. मग तेच ग्राहक आमच्याकडे आले. आम्ही काम केलं, कारण फाईल्स त्यांच्या होत्या. पण त्या कंपनीकडून ग्राहकांना नावांची साधी यादीही मिळाली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

निनावी फाईल ओळखायची ती तिच्या पहिल्या बाइट्सवरून. पीडीएफ असेल तर सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं दिसतात. जेपेग एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते. जुनी वर्ड किंवा एक्सेल फाईल डी० सीएफ ११ ई० ने. नवी वर्ड, नवी एक्सेल आणि साधी झिप या तिन्ही पीके ने सुरू होतात, म्हणून तिथे आत डोकावून वर्डचं फोल्डर आहे की एक्सेलचं ते पाहावं लागतं. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाईलची पहिली सहा अक्षरं आवृत्तीही सांगतात: एसी१०१५ म्हणजे ऑटोकॅड २०००, एसी१०१८ म्हणजे २००४, एसी१०२१ म्हणजे २००७, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२७ म्हणजे २०१३ आणि एसी१०३२ म्हणजे २०१८. प्रकार कळला, नावाचं काय? ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये उघडलं की एक्सरेफच्या, म्हणजे त्याला बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगच्या यादीत प्रत्येकाचा जतन केलेला पत्ता दिसतो. तो पत्ता पूर्ण असेल तर एका ड्रॉइंगवरून पाच फाईल्सची नावं आणि त्यांचं फोल्डर हाती लागतं. वर्डच्या फाईलमध्ये शीर्षक आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव असतं, साइटवरच्या फोटोत काढल्याची तारीख असते. ज्यांच्याकडे एक्सरेफ पूर्ण पत्त्याने जोडलेले होते त्यांचं काम लवकर झालं. आणि रोजच्या कामात आम्ही सगळ्यांना सापेक्ष पत्ताच, म्हणजे त्या ड्रॉइंगच्या फोल्डरापासून मोजलेला पत्ताच, वापरा म्हणतो, ऑटोकॅड २०१८ पासून तोच मूळ पर्याय आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जे परत आलं नाही ते म्हणजे फाईलच्या तारखा. पेटीत टाकताना सगळ्यांना एकच तारीख लागली होती.

या सगळ्या काळात सांगलीचं एक ऑफिस कुठेही गेलं नाही. तिथल्या आर्किटेक्ट मॅडमनी एमडीबी बंद पडली तेव्हाही एएमसीचा चेक थांबवला नाही, उलट काय काय अडतं ते वहीत लिहून ठेवलं आणि ती वही आमच्याकडे पाठवली. आजच्या प्रोग्राममधला "कुणाला पाठवलं" हा रकाना त्या वहीतला. ड्रॉइंग ठेकेदाराला, ग्राहकाला किंवा महापालिकेला गेलं की तारखेसह नोंद. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा त्यांचं तळमजल्यावरचं मशीन गेलं. आमची यादी दुसऱ्या ठिकाणी होती. कोणत्या फाईल्स गेल्या आणि त्यातली कोणती कुणाकडे मिळेल, हे त्या रकान्यावरून कळलं, आणि मॅडमनी ड्रॉइंग एकेकाकडून परत मागून घेतली. बॅकअप वेगळाच हवा, हे मॅडम आता सगळ्यांना सांगतात, आम्हीही सांगतो. पण काय गेलं हेच माहीत नसेल तर मागणार काय आणि कुणाकडे?

नेटवरच्या कागदपत्रांची नोंदही त्यांच्याच आग्रहाने वाढली. नुसता पत्ता साठवून भागत नाही. संकेतस्थळाची रचना बदलली की पत्ता मेला. म्हणून प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: पत्ता, पाहिल्याची तारीख, स्थानिक प्रत आणि त्या प्रतीचा हॅश, म्हणजे फाईलच्या बाइट्सवरून काढलेला तिचा ठसा. शासन निर्णय असेल तर त्याचा १८ अंकी संकेतांक हा पाचवा रकाना. पत्ता बदलतो, संकेतांक बदलत नाही, त्यामुळे शोध त्यावरूनच घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि पुढे तिच्यात दुरुस्त्या येत गेल्या. कोणता नकाशा कोणत्या तारखेच्या मजकुरावर बेतला होता, हे दाखवायला त्या दिवशीची प्रतच लागते. आजची लिंक तिथे कामाची नाही.

वेब पान "पूर्ण" म्हणून जतन केलं तर एचटीएमएल फाईल आणि त्याच नावाचं जोड-फोल्डर तयार होतं. दोन्ही एकत्रच हलवा, नाहीतर चित्रं गळतात. हल्लीच्या बऱ्याच पानांवरची चित्रं खाली सरकल्यावरच उतरतात, म्हणून जतन करण्याआधी पान तळापर्यंत न्या. पानाच्या शीर्षकातली उभी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब किंवा प्रश्नचिन्ह विंडोजच्या फाईल नावात चालत नाही. आम्ही तिथे आडवी छोटी रेघ घालतो. कन्स्ट्रक्शनचं छोटं रूप म्हणून सीओएन नावाचं फोल्डर करायला जाल तर विंडोज नकार देईल, ते नाव यंत्रणेने स्वतःसाठी राखून ठेवलं आहे. पीआरएन, एयूएक्स आणि एनयूएल ही तशीच.

आता शोध. हा भाग आमच्या अभिमानाचा आहे. आम्ही पुढे एसक्यूलाइट या डेटाबेसवर आलो, तेव्हा त्याच्या मजकूर-शोधातली शब्द तोडण्याची मूळ पद्धत काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भागच धरत नव्हती. "नकाशा" हा शब्द "नक" आणि "श" असा दोन तुकड्यांत साठायचा. त्या पद्धतीला काना-मात्रांच्या चिन्हांचे वर्गही शब्दात धरायला सांगितलं तेव्हा मराठी शब्द अखंड राहिले. त्यानंतर कळलं की "दुसऱ्या मजल्याचा" लिहिलेलं सापडतं आणि सापडतही नाही. ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, य असा, किंवा साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. "ॲल्युमिनियम"चंही तसंच. काही कीबोर्ड ॲ हे एकच अक्षर देतात, काही अ वर चंद्र चढवतात, आणि युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणलं तरी हे दोन एक होत नाहीत. म्हणून आम्ही शोधासाठी वेगळी प्रत ठेवतो, तिच्यात ही सगळी रूपं एकाच रूपात आणतो, देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एक करतो. मूळ नावाला हात लावत नाही. ज्यांनी आम्हाला नुसती यादी म्हटलं, त्यांच्या शोधात हे नव्हतं.

फाईल ओळखायचा क्रम ठरायलाही वेळ लागला. आधी पत्ता, मग एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-मांडणीचा फाईल क्रमांक, मग आकार आणि हॅश. नुसत्या क्रमांकावर विसंबता येत नाही, कारण वर्ड जतन करताना नवी तात्पुरती फाईल लिहून तिला जुनं नाव देतं, आणि क्रमांक बदलतो. ड्राइव्हच्या अक्षरावर तर कधीच विसंबू नका. बाहेरची हार्ड डिस्क आज ई असते, उद्या एफ. आम्ही व्हॉल्यूमचा, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचा क्रमांक आणि त्याच्या आतला पत्ता ठेवतो. फोल्डरवर पाळत ठेवणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या घटकाचा बफर, म्हणजे बदल तात्पुरते टिपायची जागा, मुळात ८ केबीचा असतो. एकदम मोठा प्रकल्प कॉपी झाला की तो भरतो आणि काही बदल नोंदलेच जात नाहीत, तेव्हा त्या फोल्डरची पूर्ण मोजणी पुन्हा करावी लागते. क्लाउडवर ठेवलेली, मशीनवर फक्त नावापुरती दिसणारी फाईल हॅशसाठी उघडली तर ती पूर्ण खाली उतरते आणि डिस्क भरते. त्या फाईलवर विंडोजची खूण असते, ती पाहून आम्ही तिला हात लावत नाही.

न विचारता थोडं सांगतो, कारण रोज तेच पाहतो. फाईलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, म्हणजे नावाने लावली तरी क्रम बरोबर येतो. "फायनल" हा शब्द नावात घालू नका. सुधारणेचा क्रमांक म्हणून आर०, आर१, आर२ लिहा. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या आत ठेवा. विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवता येते, पण प्रोग्रामलाही ती मान्य असावी लागते, आणि बरेच जुने प्रोग्राम ती मानत नाहीत. पेन ड्राइव्हवरची तारीख आणि मशीनवरची तारीख दोन सेकंदांनी वेगळी दिसली तर घाबरू नका, पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिली जाते. "तयार केल्याची" तारीख "बदलल्याच्या" तारखेनंतरची दिसली तरी फाईल बिघडलेली नसते, ती बहुधा फक्त कॉपी झालेली असते.

मधली बरीच वर्षं नीट गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. आता दर शुक्रवारी प्रोग्राम प्रत्येक प्रकल्पाची पूर्ण यादी साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाईलमध्ये लिहून ठेवतो: नाव, पत्ता, तारखा, संकेतांक, कुणाला पाठवलं. ती उघडायला आमचं लायसन्स लागत नाही, नोटपॅड पुरतं. पहिल्या खेपेला एक्सेलमध्ये त्या यादीतलं मराठी अगम्य चिन्हांत उमटलं, कारण सुरुवातीला युटीएफ-८ या अक्षर-संकेतनाची खूण नव्हती. ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट घातल्यापासून सांगलीची यादी एक्सेलमध्येही सरळ मराठीत उघडते.