दर्जा झग्यात, स्वभाव बोटांत

सरदार-राजांच्या व्यक्तिचित्रांत दर्जा आणि स्वभाव या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या जागी सापडतात, असे मला दिवसेंदिवस अधिक पटू लागले आहे. फ्रेंच चित्रकार रिगोने १७०१ मध्ये रंगवलेला फ्रान्सचा चौदावा लुई पाहावा. साठी ओलांडलेला हा राजा राज्याभिषेकाचा फरचा झगा बाजूला सारून, नर्तकाच्या डौलाने पाय पुढे टाकून उभा आहे, आणि चित्र पावणेतीन मीटर उंच असल्यामुळे पाहणाऱ्याला मान वर करावीच लागते. मागे भव्य खांब, वर लाल पडदा. राजा मनाने कसा होता, हे मात्र त्या थाटातून फारसे कळत नाही.

तसाच खांब आणि तसाच पडदा भंडारा जिल्ह्यातील, आमच्याजवळच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, वाड्याच्या बैठकीतील तैलचित्रात आहे. त्या वाड्याला सागाचे खांब आणि कौलांचे छप्पर. चित्रातील संगमरवर तिथे कधीच नव्हता. अशी पुष्कळ चित्रे त्या काळी स्टुडिओतील छायाचित्रावरून काढली जात आणि छायाचित्रातील रंगवलेली पार्श्वभूमीही त्यांत उतरे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, गावचे तलाव 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी' तलाव झाले, चित्र मात्र भिंतीवरच राहिले. त्यातील वैभवाच्या खुणा उसन्या असतील. पण काठीच्या मुठीवर आवळलेली बोटे आणि किंचित वर चढलेले खांदे त्या माणसाचेच आहेत. सत्ता हाती असूनही तो निश्चिंत बसलेला नाही.

स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने १६५० मध्ये रंगवलेल्या पोप दहाव्या इनोसंटच्या चित्रात हे दोन्ही एकाच चेहऱ्याभोवती येते. लाल रेशमाची झळाळी पदाची आहे, तर मिटलेले ओठ आणि समोरच्याला पारखणारी तिरकस नजर त्या माणसाची.

आपल्याकडे मला जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे १७९२ चे पुण्यातील चित्र याहून मोलाचे वाटते. त्यात अलंकारांनी मढलेले तरुण सवाई माधवराव आहेत आणि त्यांच्याजवळ साध्या वेषातील, लांबट, कृश चेहऱ्याचे नाना फडणवीस. दागिन्यांवरून पेशवा कोण ते लगेच ओळखू येते. कारभार कोणाच्या हाती आहे, ते कळण्यासाठी नानांच्या चेहऱ्यापाशी थांबावे लागते.